कडेचे पाच दगड

वहिनी पंपघरात लागल्या तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. त्यांचा नवरा आणि मी पाणीपुरवठा खात्यात बरोबर होतो. तो फिटर, मी गवंडी. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागेवर त्यांना घेतलं. पदरात दोन मुली. पहिल्या दिवशी मोठ्या मोटारीचं बटण दाबण्याआधी त्यांनी तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्या महिन्यात त्या भिंतीकडे तोंड करून सांगायच्या, "डाव्या बाजूचं बेअरिंग तेल मागतंय." उघडून बघावं तर खरंच कोरडं.

मी त्यांना वहिनी म्हणायचो. बाकीचं खातं त्यांना मिलीमीटरबाई म्हणायचं. त्याला कारण होतं.

पंपघराच्या अंगणातून एक भेग जाते. फरशीत दिसते, मध्येच गायब होते, पुन्हा अंगणाच्या मागच्या भिंतीत निघते. ती मी किती वेळा बुजवली याची गणती नाही. दोन वर्षं झाली की पुन्हा हजर. लोक म्हणायचे, गवंड्यानं सिमेंट खाल्लं. माझा माल चोख होता.

वहिनींना लागून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा भूगर्भाचा अभ्यास करणारे एक सर आले. त्यांनी पितळेचे दोन खिळे ठोकले. एक पंपघराच्या जोत्यात, भेगेच्या अलीकडे. दुसरा तिरक्या रेषेत, भेगेच्या पलीकडे. दर महिन्याच्या एक तारखेला दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून वहीत लिहायचं, एवढंच काम. मानधन नाही. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरनं हात वर केले. वहिनी म्हणाल्या, "मी करते. पण कशासाठी ते आधी सांगा."

सरांनी सांगितलं. ते वहिनींना असं पटलं की पुढे अंगणात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ऐकवलं. मलाही.

"भाऊजी, आपण उभे आहोत ती जमीन अखंड नाही. पृथ्वीचं वरचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात."

"मग खाली पडत कसे नाहीत?"

"पडायला खाली पोकळी आहे का? खाली दगडच आहे, पण इतका तापलेला की फार फार हळू वाहतो. तुमचं डांबर नाही का, पिंपात घट्ट दिसतं, पिंप आडवं करून दोन दिवस ठेवलं की तोंडातून बाहेर येतं. तसं."

डांबराचं मला लगेच कळलं.

"समुद्राच्या तळाशी लांबच लांब चिरा आहेत. तिथे खालचा तापलेला दगड वितळत वर येतो, थिजतो, पट्टाला जोडला जातो. नवी जमीन. जुनी झाली की ती थंड होते, जड होते, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा खाली बुडते. बुडताना मागचा पट्ट ओढत नेते. अंगावरची चादर एका बाजूनं घसरली की बाकीची जाते तशी."

"आणि डोंगर?"

"दोन जमिनी समोरासमोर आल्या आणि दोघींनाही बुडायचं नसलं, तर वळ्या पडतात. ते डोंगर."

"आपली भेग त्यातली कुठली?"

"आपल्याकडे दोन पट्ट शेजारून घासत जातात. एक इकडे, एक तिकडे. एकूण वेग आपल्या नखाच्या वाढीएवढा. पण सगळी हालचाल या एकाच भेगेतून होत नाही. इथे खिळ्यांमध्ये वर्षाला चारेक मिलीमीटर वाढतात. कुठे कुठे दगड अडकून बसतात. शंभर वर्षं अडकतात, ताण साठतो, एका दिवशी सुटतात. तो भूकंप. आपली भेग रोज थोडं थोडं चालते, मनात ठेवत नाही. आमच्या ह्यांच्यासारखी नाही, तुमच्या मित्रासारखी. सहा महिने गप्प, आणि मग एकदम भांडी आपटायची." मग हसणं थांबवून त्या म्हणायच्या, "पण सरांनी बजावलंय, तिच्यावरही विसंबून राहायचं नाही."

त्यांची मोजण्याची पद्धत मी पाहिली आहे, म्हणून सांगतो. सकाळी, ऊन अंगणात येण्याआधी. पोलादी पट्टी तापली की लांबते. पट्टीची कडी लांबच्या खिळ्यात अडकवायची, अलीकडच्या टोकाला ताणकाटा लावायचा आणि काटा दहा किलोवर आला की आकडा वाचायचा. पट्टी सोडायची. पुन्हा लावायची. तीनदा. तिन्ही आकडे लिहायचे, पटले नाहीत तरी. मुलीला ताप असताना त्यांनी शेजारणीला घरी बसवलं आणि येऊन मोजून गेल्या. असं काम मी गवंड्यांतही क्वचित पाहिलं.

वहीतला पहिला आकडा होता अकरा मीटर दोनशे चाळीस मिलीमीटर. एकोणीस वर्षांनी तो अकरा मीटर तीनशे सोळा झाला. मध्ये एकही महिना रिकामा नव्हता.

मग माझी चूक झाली.

अंगणातून नवी मोठी नळवाहिनी जायची होती. वरचे अधिकारी जागा बघायला येणार म्हणून मला हुकूम झाला, अंगण नीट कर. वहिनी धाकटीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर होत्या. मी एकट्यानं फरशी उपटली, नवी घातली. अंगणाच्या कडेला दगडांची ओळ होती. तिच्यावर माती आणि गवत चढलेलं. ते खरवडलं तर ओळ वाकडी. शेवटचे पाच दगड बाजूला सरकलेले, चांगले चार बोटं. ही ओळ खिळे ठोकण्याच्या थोडंच आधी माझ्या उस्तादांनी दोरी लावून बसवली होती. मला वाटलं, पाया खचला. मी पाचही दगड उचलले, दोरी ताणली आणि ओळीत आणले. मधल्या दगडावर पितळेचा खिळा होता. खिळा चांगला घट्ट होता, म्हणून ठेवला. वहिनींचा लांबचा खिळा मागच्या भिंतीत आहे असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कधी जवळ जाऊन बघितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. दगडांखाली जुन्या चुन्याच्या काँक्रीटचा थर होता. त्यात दगडांचे ठसे उमटलेले. नवी जागा करायची तर तो थर फोडायला हवा होता. दोन दिवसांचं काम. मी खळग्यात वाळू भरली, वर माल टाकला आणि दगड बसवले. तेवढी अंगचोरी केली.

वहिनी परत आल्या. "भाऊजी, अंगण काय सुंदर केलंत!" म्हणाल्या. मी खूश.

एक तारखेनंतर तीन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला. "जरा आकडा वाचा. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिलेला नाही."

मी अलीकडचं टोक धरलं. अकरा मीटर, दोनशे बेचाळीस.

"तीन दिवस हेच येतंय. चष्मा बदलला. दुसरी पट्टी आणली. तेच."

"वहीत काय लिहिलंत?"

"आलं ते."

नळवाहिनीचं काम बघणाऱ्या साहेबांनी वही आधीच पाहिली होती. नळवाहिनी सरळसोट जोडायची की भेगेवर सरकता सांधा घालायचा, हे त्या वहीवरून ठरणार होतं. ते म्हणाले होते, "बाई, एकोणीस वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा जवळजवळ एकच. जमीन जागची हललेली नाही. मधलं सगळं तुमच्या हातानं कमीजास्त ओढलेलं." सोमवारी ते वही रद्द म्हणून शेरा मारणार होते. महिन्याअखेर वहिनी निवृत्त होणार होत्या.

"भाऊजी, मी एकोणीस वर्षं चुकले असेन का हो?"

मी पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. कडी माझ्या मधल्या दगडावरच्या खिळ्यात होती.

पट्टी गुंडाळून दिली आणि घरी आलो. जेवताना बायकोनं विचारलं, "तोंड का पाडलंय?" सांगितलं.

"मग तिथेच का नाही बोललात?"

"चाळीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही."

"आणि तिच्या ठेवलं ते चालतं? तिचा नवरा तुमच्या पंगतीत बसायचा. उद्या सकाळी पहार घेऊन जा. आणि आधी बोला, मग खणा. नाहीतर खणता खणता बोलायचं राहील."

सकाळी गेलो. वहिनी तेलाची बुधली घेऊन मोटारीपाशी होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी बुधली खाली ठेवली. अंगणात येऊन दगडांची ओळ बघितली. मग म्हणाल्या, "सरळ केलंत?"

"हो."

"दोरी लावून?"

"हो."

"अहो, एवढी मोठी जमीन एकोणीस वर्षं ढकलत होती, आणि तुम्ही एका दुपारी मागे नेलीत!" त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "पण आता पुरावा कुठला? तुम्ही सांगाल आणि साहेब ऐकतील?"

"पुरावा खाली आहे. साहेबांना बोलवा. त्यांच्यासमोर काढतो."

साहेब आले. हातात वही. मी दगड एकेक करून उचलले, बुडाचा माल खरवडला, वाळू हातानं काढली, खळगे ब्रशनं झाडले. जुने ठसे जसेच्या तसे होते. दगडाच्या बुडाला छिन्नीच्या खुणा, तशाच उलट्या खळग्यात. मी मधला दगड दोन्ही हातांनी धरून खाली सोडला. तो आपला आपण बसला. हलवून बघितला, हलेना. बाकीचे चारही तसेच बसले. ओळ पुन्हा वाकडी झाली.

"आता मोजा," मी म्हणालो.

"मी नाही," वहिनी म्हणाल्या. "साहेब मोजतील. ऊन यायला अजून अर्धा तास आहे. काटा दहावर येऊ द्या, घाई करू नका."

साहेबांनी पट्टी ताणली. काटा दहावर यायच्या आत त्यांनी वाकून बघितलं.

"साहेब, दहा."

त्यांनी पुन्हा ताणली. वाचलं. पट्टी सोडली आणि परत लावली. मग तिसऱ्यांदा.

"अकरा मीटर, तीनशे सोळा," ते म्हणाले. "तिन्ही वेळा." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दगड तुम्ही काढलेत हे लिहून द्याल?"

"देतो. वाळू भरली तेही लिहितो. थर फोडला असता तर आज काहीच उरलं नसतं."

वहिनींनी वही मागून घेतली. दोनशे बेचाळीसवर काट मारली नाही. बाजूला लिहिलं, 'दगड हलवले होते. कारण खाली.' आणि खाली माझं निवेदन चिकटवलं. नळवाहिनीला सरकता सांधा बसला. तो मीच चौथरा बांधून बसवून घेतला, आणि या खेपेला चौथऱ्याखालचा थर पूर्ण फोडला.

आता दोघंही निवृत्त आहोत. नवी ऑपरेटर मोजते. वहिनी एक तारखेला तिथे जाऊन बसतात आणि काटा बघतात. मीही जातो. परवा नवा गवंडी कडेपाशी उभा राहून म्हणाला, "आजोबा, हे पाच दगड कुणी हो असे वाकडे लावलेत?"

"मी," म्हटलं. "हात लावू नकोस."

"नीट करून देतो, दोन तासांचं काम."

पट्टी गुंडाळता गुंडाळता वहिनी म्हणाल्या, "अरे, इकडे ये, बस. आधी तुला डांबराचं सांगते."