नावाच्या दिवशी दार वाजवत नाहीत

स्ताथीसनं आयुष्यभर भेगा बुजवल्या. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये कापसाची वात ठोकून बसवायची, वरून डांबर ओतायचं, म्हणजे समुद्र आत येत नाही. आमच्या बेटावरच्या अर्ध्या होड्या त्याच्या हातोडीवर तरंगत होत्या. मग होड्या प्लास्टिकच्या झाल्या. प्लास्टिकला भेगा नसतात. स्ताथीस हातोडी खुंटीला लावून घरी बसला.

घर वरच्या गावात, बंदरापासून तीनशे चाळीस पायऱ्या. निळं दार, दारासमोर बोगनवेल, खाली सगळा समुद्र. एके काळी वर चाळीस चुली पेटायच्या. मग मोठी जहाजं यायला लागली, नव्या लग्नाची जोडपी भरून आणायला लागली, आणि आम्ही एकेक करून खाली बंदरावर उतरलो. धंदा खाली होता. मीही उतरलो. मी टोप्या विकतो. वरची घरं रिकामी झाली ती आमच्यातल्याच थ्रासोसनं घेतली, चुना मारला, प्रत्येक अंगणात म्हैस बसेल एवढा पाण्याचा हौद बांधला आणि हनिमूनवाल्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. चाळिसातलं एकच घर उरलं ज्यात गावचा माणूस झोपत होता. स्ताथीसची बायको गारिफालिया सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी सेवास्ती पिरेअसला, मोठ्या बंदराच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर.

आमच्यात वाढदिवस पोरासोरांचा. जाणत्या माणसाचा दिवस म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. स्ताथीसचा वीस सप्टेंबर. त्या दिवशी आमंत्रण द्यायचं नसतं. दार उघडं टाकायचं, तबक मांडायचं आणि बसायचं. ज्याला आठवण आहे तो येतो, "लई वर्सं जग" म्हणतो, पाकातली द्राक्षं चमचाभर खातो, चमचा पाण्याच्या पेल्यात टाकतो, वर एक घोट दारू, मूठभर फुटाणे, आणि निघतो. बोलावून आणलेला माणूस त्या दिवशी पाहुणा धरत नाहीत. गारिफालिया होती तेव्हा तिच्याकडं ऐंशी चमचे होते आणि संध्याकाळी ऐंशीच्या ऐंशी मोरीत पडलेले असायचे. ती घासता घासता शिव्या द्यायची. "तुझ्या संताला भूक लई," म्हणायची. बाईची जीभ कानस होती, पण एखादा आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन "मेलास का रं?" असं विचारायचीही तीच.

थ्रासोसला स्ताथीसचं घर हवं होतं. वाईट पोरगा नाही तो. पण निळं दार आणि त्याच्या मागचा समुद्र एका फोटोत मावतो, असं घर बेटावर एकच. ऑगस्टात मारिगोच्या कॉफीच्या दुकानात त्यानं पुन्हा विषय काढला. मारिगोचं दुकान म्हणजे आमची कचेरी.

"बार्बा, किती दिस त्या पायऱ्या झिजवनार?" थ्रासोस म्हणाला. आमच्यात म्हाताऱ्या माणसाला बार्बा म्हणतात. "तुझं गुडघं वाजत्यात त्ये मला खालपतोर ऐकू येतंय."

"वाजू देत," स्ताथीस म्हणाला. "तुझ्या खोल्यांतल्या गाण्यापरास बऱ्या चालीत वाजत्यात."

"सेवास्ती बोलवून बोलवून दमली. पिरेअसला लिफ्ट हाय."

"लिफ्टात कोन भेटतंय? भिंत."

"मग हितं कोन भेटतंय?"

स्ताथीसनं कॉफीचा गाळ पेल्यात गरगर फिरवला आणि म्हणाला, "वीस सप्टेंबरपतोर थांब. एकवीसला सांगतो."

थ्रासोस गेल्यावर मारिगोनं टेबल पुसता पुसता विचारलं, "वीसला काय ठरनार हाय रं?"

"एक जरी मानूस माझ्या दारातनं आत आला, आन् लई वर्सं जग म्हनला, तर घर माझं. न्हाईतर चावी थ्रासोसची."

"एकच?"

"एक पुरे. आता काय ऐंशी चमच्यांची हाव धरू?"

मारिगोच्या पोटात पाणी राहील पण बोलणं राहायचं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदराला कळलं. म्हणजे आम्हाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. सगळ्यांना ठाऊक होतं.

वीस सप्टेंबरला जहाज आलं. आमच्या बंदरात ते मावत नाही, बाहेर खोल पाण्यात म्हशीसारखं बसून राहतं आणि लहान होड्यांतून माणसं किनाऱ्यावर ओततं. हंगाम सरत आला होता, अजून चारपाच जहाजं आणि मग मार्चपर्यंत कोरडं. तवा तापलेला असताना भाकरी टाकायची का पायऱ्या चढायच्या? मी ठरवलं, सहाला जहाज गेलं की जाऊ. शिवाय एकच माणूस पुरे होता. एवढ्या गावातून एक तर जाईलच. मासेवाल्या यानकोसला वाटलं मारिगो जाईल. मारिगोला वाटलं पाद्री जाईल. पाद्री पलीकडच्या गावात दुसऱ्या स्ताथीसच्या घरी द्राक्षं खात बसला होता.

दुपारी चारच्या सुमाराला एक जोडपं माझ्याकडं आलं. मी गवताच्या टोप्या विकतो, त्यांतल्या दोन दोन जोडीनं बांधलेल्या असतात. एकीवर नवरी आणि एकीवर नवरा असं भरतकाम केलेलं. त्यांनी ती जोडी घेतली, तिथंच डोक्यावर घातली आणि फोटो चांगला कुठं येईल ते खुणेनं विचारलं. माझ्यापुढं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी हात वर केला. निळं दार दाखवलं. ती गेली.

पुढचं मला संध्याकाळी कळलं, खुद्द स्ताथीसच्या तोंडून.

पहाटे उठून त्यानं दाढी केली होती. पांढरा सदरा घातला होता, गारिफालियानं शेवटची इस्त्री केलेला. सहा वर्षं त्यानं तो वापरला नव्हता. द्राक्षांचा पाक पहिल्यांदा करपला, दुसऱ्यांदा जमला. सातला दार उघडून बसला. तबकावर बारा पेले मांडले होते. बारा का, तर तबकावर तेवढेच मावत होते, असं तो म्हणाला.

नऊपासून पायऱ्यांवर पावलं वाजायला लागली. प्रत्येक वेळी तो उठून उभा राहिला. माणसं यायची, दाराशी उभी राहायची, एकमेकांचे मुके घ्यायची, फोटो काढायची आणि जायची. एकानं त्याला हातानं खुणावलं, जरा बाजूला व्हा. स्ताथीस आपल्याच दारातून बाजूला झाला. मग त्यानं खुर्ची आतल्या भिंतीला लावली, कुणाच्या फोटोत येणार नाही अशी.

साडेचारला माझ्या टोप्या दारात आल्या. पोरीनं आत डोकावलं. स्ताथीस म्हणाला, "या." तिला शब्द कळला नसेल, पण हात कळला. दोघं आत आली, बसली. त्यानं पाकातली द्राक्षं दिली. पोरीनं आधी द्राक्षांचा फोटो काढला, मग खाल्ली, मग चमचा कुठं ठेवावा ते कळेना तेव्हा त्यानं तो पाण्यात टाकून दाखवला. तिला त्याची गंमत वाटली. दारूनं पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. स्ताथीसनं छातीवर बोट ठेवून आपलं नाव सांगितलं आणि एकेक शब्द तोडून शिकवलं, लई. वर्सं. जग. पोरीनं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं.

मग त्याचं लक्ष टोप्यांकडं गेलं. त्या टोप्या बेटावर कोण ओळखत नाही? नवी नवरी घरात आलीय आणि आपण रिकाम्या हातानं बसलोय, हे त्याच्या लक्षात आलं. आमच्यात नवरीच्या अंगावर नोट टोचतात, लग्नात प्रत्येक जण टोचतो. त्यानं गारिफालियाच्या शिवणाच्या डब्यातून टाचणी काढली, पाकिटातली वीस युरोची नोट काढली आणि पोरीच्या खांद्यावर झग्याला टोचली. दोघं एकमेकांकडं बघून हसली, लाल झाली, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. स्ताथीस आत गेला. वाटेसाठी थोडे फुटाणे पुडीत बांधून द्यावेत म्हणून. पुडी बांधायला किती वेळ लागतो? बाहेर आला तर दोघं गेलेली. पेल्याखाली वीसची नोट होती.

त्याला आधी वाटलं, दुसरी नोट. उजेडात धरली. टाचणीची दोन भोकं होती.

नोट आणि पुडी घेऊन तो पायऱ्या उतरला. त्याला घाई जमत नाही. धक्क्यावर पोचला तेव्हा शेवटची होडी जहाजाला लागत होती. मग तो मारिगोकडं आला. आम्ही सगळे तिथंच होतो, पाय पसरून बसलेले, दिवसाच्या धंद्यानं दमलेले. इस्त्रीचा पांढरा सदरा दारात दिसला आणि मारिगोच्या हातातली किटली तशीच राहिली.

त्यानं सगळं सांगितलं आणि नोट टेबलावर ठेवली.

"त्यास्नी हाटेल वाटलं आसंल," यानकोस म्हणाला.

"हाटेलवाला कुटं गिऱ्हाइकाला नोट टोचतुय व्हय?" मी म्हणालो.

"झगा फाटंल म्हनून काढली आसंल पोरीनं. आजकालचं कापड..."

"काढून पेल्याखाली कशापायी ठेवली मग?"

"म्हाताऱ्याची कीव आली आसंल."

हे कोण म्हणालं ते मी सांगत नाही. म्हणणाऱ्यानं लगेच जीभ चावली.

मारिगो म्हणाली, "आरं, पन ती पोरगी आत आली का न्हाई? लई वर्सं जग म्हनली का न्हाई?"

"म्हनली," स्ताथीस म्हणाला.

"मग झालं की. एक मानूस मागितला हुतास, दोन आली. घर तुझं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बुडत्याला फळी सापडावी तसं झालं आम्हाला. एक परकी पोरगी सगळ्या गावाचं काम करून गेली होती.

स्ताथीसनं नोट पुन्हा उचलली, भोकांतून दिव्याकडं पाहिलं. "नवरीला टोचलेली नोट कुनी परत करत न्हाई. परत करतंय त्ये गिऱ्हाईक. तवा तुमी सांगा. माझ्या घरात पाव्हनं आलं हुतं का गिऱ्हाईक?"

थ्रासोस कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "बार्बा, मला घाई न्हाई. फुडल्या साली बगू की."

"फुडल्या सालीबी जहाज येनारच."

"मग आत्ता येतो आमी वर," मारिगोनं एप्रन सोडला. "उठा रं समदी."

"दार लावून आलूय," स्ताथीस म्हणाला. त्यानं फुटाण्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि निघाला. आमच्यातल्या कुणी ते फुटाणे खाल्ले नाहीत. शेवटी मांजरानं पुडी पाडली.

मला राहवेना. अंधार पडायच्या आत मी मिठाईचा पुडा घेतला आणि पायऱ्या चढलो. चार वर्षांत पहिल्यांदा. मध्ये दोनदा बसावं लागलं. निळं दार बंद होतं. मी कडी वाजवली. पुन्हा वाजवली.

आतून आवाज आला, "कोन?"

मी नाव सांगितलं. "लई वर्सं जग, बार्बा."

"नावाच्या दिवशी दार वाजवत न्हाईत," तो म्हणाला. रागानं नाही. लहान पोराला रीत सांगावी तसं.

मी पुडा पायरीवर ठेवून उतरलो. सकाळी थ्रासोस चावी आणायला गेला तेव्हा पुडा तिथंच होता, मुंग्या लागलेला.

ऑक्टोबरात स्ताथीस पिरेअसला गेला. जाताना ती नोट मारिगोकडं दिली. "पोरगी परत आली तर तिची तिला दे." मारिगोनं ती कॉफीच्या कपाटाला टाचणीनं लावली. पोरगी काही आली नाही. पण जहाजावरची माणसं ती नोट बघून विचारायला लागली, आणि आमची काहीतरी रीत असेल असं समजून आपापल्या नोटा शेजारी टोचायला लागली. रोज संध्याकाळी मारिगो त्या उतरवते, देवळातल्या दिव्याच्या तेलाला देते आणि शिव्याही देते. दोन भोकांची नोट मात्र ती काढत नाही.

निळ्या दाराच्या घराचं भाडं बेटावर सगळ्यात जास्त आहे. स्ताथीस तिकडं बरा आहे. गुडघ्यांना लिफ्ट मानवली, असं सेवास्ती सांगते.

यंदा वीस सप्टेंबरला आम्ही दुकानं दुपारीच बंद केली. जहाज होतं तरी. मारिगोच्या फोनवरून सगळ्यांनी मिळून पिरेअसला फोन लावला. सेवास्तीनं उचलला.

"बाबाला दे," मारिगो म्हणाली.

"आज तो फोनवर येत न्हाई," सेवास्ती म्हणाली. "सकाळधरनं तबक मांडून बसलाय. दार सताड उघडं टाकलंय."

"मग? येतंय का कोन?"

"येत्यात की. वरच्या मजल्यावरची बाई आली, समोरचा मास्तर आला. त्यास्नी वाटतं, म्हातारा दार लावायला विसरला." मग ती म्हणाली, "भली मानसं हायत बिचारी. आत डोकावत्यात, आन् दार वढून घेऊन जात्यात."