अकरावं नमो मरिये

उर्सुला भित्री होती. ती गेली म्हणून मी आता तिला शूर म्हणणार नाही. मरोळच्या गावठाणात आमची घरं समोरासमोर. घरात गॅस आला तरी ही कितीतरी दिवस चुलीवरच रांधत राहिली. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही. हायवे ओलांडायचा तर माझं मनगट असं धरायची की बांगड्या रुतायच्या. मी कॉलेजात शिकवायचे, मला घाई असायची.

"अगं, चल ना!"

"थांब गो एथेल, तो ट्रक जाऊ दे."

ट्रक पार जोगेश्वरीला असायचा.

कारण मला ठाऊक होतं. तिचा नवरा सायकलवरून कामाला जाताना त्याच हायवेवर ट्रकखाली गेला. झेवियर तेव्हा पाळण्यात होता. लोकांचा बाटली मसाला कुटून आणि लग्नघरी मैद्याचे गोल फुगे तळून तिने त्या एकट्या पोराला वाढवलं. कारण असलं म्हणून काय, रोज रोज कोण थांबणार रस्त्याच्या कडेला?

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात आमच्या चर्चच्या युवक गटाने गोव्याला जायचं ठरवलं. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनाला ठेवलं होतं. बस भाड्याची, ड्रायव्हर मात्र आमच्याच गावठाणातला, रोझारिओ. उर्सुलाचा झेवियर गिटार घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"मी जाणारच," तो म्हणाला.

"मग मीपण येणार."

"मम्मी, यार! माझी वाट लागेल!"

लागली. पोरांवर लक्ष ठेवायला फादरनी तिला आणि मला नेमलं. निघताना एकेक आई खिडकीशी येऊन उर्सुलाला सांगत होती, "सांभाळून आण गो." मला कोणी सांगितलं नाही. उर्सुला प्रत्येकीला एकच उत्तर देत होती, "आणीन." म्हणताना तिचे ओठ पांढरे पडले होते.

जाणं ठीक झालं. परतायच्या आदल्या रात्री पोरांनी बसच्या टपावर बसून गाणी म्हटली, नाच केला. खाली आडव्या झालेल्या रोझारिओचा डोळा काही लागला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पहाटे अंधारातच निघालो. खेडला भरपेट भात आणि माशाचं कालवण जेवलो आणि कशेडी घाट चढायला लागलो. दुपारची वेळ. पोरं पेंगत होती. इंजिनाची घरघर, उजवीकडे दरड, डावीकडे दगडी कठडा, त्याच्यापलीकडे काही नाही.

आम्ही दोघी ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर होतो.

"हा बोलत नाही गो," उर्सुला कुजबुजली.

"गाडी चालवतोय. भाषण कर म्हणू का त्याला?"

तिने ऐकलं नाही. माळ काढली आणि मोठ्याने म्हणाली, "चला, रोझरी म्हणूया. रोझारिओ, तू सुरुवात कर."

रोझरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे म्हणणारा 'नमो मरिये', म्हणजे मरियामातेची प्रार्थना, अर्धी म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी. असं दहा वेळा झालं की एक रहस्य पुरं होतं; मग 'पित्याला गौरव' म्हणायचं आणि पुढच्या दहांना लागायचं. लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हटलेलं असतं. दहाव्यानंतर जीभ आपोआप वळते, कोणी मोजतसुद्धा नाही.

रोझारिओचा आवाज चांगला, भरदार. तो म्हणत होता, पोरं जांभया देत उत्तर देत होती, "...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी." दहा झाले. रोझारिओने अकरावं सुरू केलं.

"अंकलने बोनस दिला!" मागून झेवियर ओरडला. सगळी हसली. उत्तर मात्र दिलं.

रोझारिओने बारावं सुरू केलं. आता तर झकास करमणूक झाली. मीही हसले.

उर्सुलाचं बोट दोन दहांच्या मधल्या एकट्या मण्यावर थांबलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी परत पाहिलेला नाही.

"एथेल, हा झोपलाय."

"अगं, म्हणतोय की!"

"तोंड म्हणतंय."

मी समोरच्या आरशात पाहिलं. डोळे उघडे होते. उघडे, आणि आत कोणी नाही. बस हळूहळू डावीकडे सरकत होती. माझ्या घशातून किंकाळी निघणार तोच उर्सुलाने माझ्या तोंडावर हात दाबला. ओरडलं तर तो दचकणार, दचकला तर चाक फिरवणार. मागे पोरं तेराव्याची वाट बघत खिदळत होती, त्यांत तिचा झेवियर.

चालत्या बसमध्ये ही बाई आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. ती उठली. दांडा धरून पुढे गेली, रोझारिओच्या खांद्यावर अलगद हात ठेवला आणि स्वयंपाकघरातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाली,

"रोझारिओ, बाबा, गाडी बाजूला घे. मला उलटी येतेय."

माणूस झोपला तरी त्याच्यातला ड्रायव्हर जागा असावा. आपल्या गाडीत उलटी कोणाला चालते? पाय ब्रेकवर गेला. चाकं खडीत खरखरली, कठड्याला काहीतरी घासलं आणि बस थांबली.

"कोणाला उलटी?" रोझारिओ डोळे चोळत म्हणाला.

"मला. गेली आता."

"मग कशाला थांबवलीस, उर्सुलाबाय? मधेच?"

"किती नमो मरिये म्हटलेस?"

"किती म्हणजे? दहा."

बसमध्ये कोणी हसलं नाही. "बारा, अंकल," झेवियर म्हणाला. "तेरावं चालू होतं."

रोझारिओ खाली उतरला. पुढचं चाक कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि तिथेच रस्त्यावर बसला. मीही खिडकीतून पाहिलं. पाहायला नको होतं.

उर्सुलाने किल्ली काढून पोलक्यात घातली. चादर अंथरून त्याला दरडीच्या सावलीत झोपवलं. पोरं कडेला ओळीने बसून राहिली. तो उठल्यावर तोंड धुवायला लावलं, चहा थर्मासात होता तो सगळा त्यालाच. मग, "चल. तेच रहस्य, पहिल्यापासून."

घाट उतरताना रोझारिओ म्हणत होता आणि सगळी बस मोजत होती. बोटांवर. सात, आठ, नऊ. दहाव्याला कोणी श्वास घेईना. "पित्याला गौरव..." आलं की मगच सुटायचा. मीही मोजत होते. झेवियर पुढे येऊन आईच्या पायाशी खाली बसला होता.

अंधार पडल्यावर तिने महाडच्या पुढे गाडी जाऊ दिली नाही. फादरना ट्रंक कॉल लागेना. मरोळला पोचलो तेव्हा दुसरा दिवस अर्धा सरला होता. चर्चच्या फाटकात सगळ्या आया, रात्रभर न झोपलेल्या, रडून डोळे सुजलेल्या. उर्सुला उतरली तशा तिच्यावर तुटून पडल्या.

"एवढी कशी गं तू बेफिकीर? आम्ही मेलो इथे!"

मी तोंड उघडलं, पण तिने माझं मनगट धरलं. बांगड्या रुतल्या.

"आणली ना, गो," ती म्हणाली. "मोजून घ्या."