बशीतली दालचिनी

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चौकशीताई' म्हणत. रुग्णांच्या जखमांतले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि कोणत्या चकतीभोवती ते मरतात ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. पण 'असं का?' विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एक दिवस बशी आली ती तिच्या धाकट्या दिराची. तो कारखान्याच्या उपाहारगृहात आचारी. सुरी लागून अंगठा चिघळला आणि हात कोपरापर्यंत सुजला. तिने बशी उजेडात धरून पुन्हा पाहिली. नेहमीच्या एकाही औषधाला जंतू भीक घालत नव्हते. चकत्यांना अगदी खेटून वाढले होते.

ती वॉर्डात गेली, तर दीर खाटेवरूनही थट्टाच करत होता. "वहिनी, तुमच्या औषधांना जुमानत नाहीत ना? माझ्या मसाल्याच्या डब्यापुढे उभे करा त्यांना. भल्याभल्यांना घाम फोडलाय मी!"

तो हसला, पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिने हळद, मिरी, लवंग, दालचिनीचे अर्क काढले आणि कोऱ्या चकत्या त्यांत भिजवून दिराच्या जंतूंच्या नव्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. हळदीने निराशा केली, मिरीनेही. लवंगेभोवती जेमतेम कड. दालचिनीभोवती मात्र छान गोल, मोकळं अंगण!

"बाई, भावोजींच्या अंगठ्याला लावूया?"

"अगं, बशी म्हणजे माणूस नव्हे," बाई म्हणाल्या. "हा अर्क कातडीही जाळेल. आणि आत किती पोचेल, आहे ठाऊक?"

नव्हतं ठाऊक. ती मनात चरफडली, पण तिला पटलं.

दीर बरा झाला तो अगदी शेवटी वापरायच्या, राखून ठेवलेल्या इंजेक्शनांनी. अंगठा मात्र ताठच राहिला. सुरी आता तो डाव्या हाताने धरतो.

ताईची चौकशी काही थांबेना. दुसऱ्या दुकानातली दालचिनी घेतली, तर अंगण निम्म्यावर आलं. झाड वेगळं, की साल शिळी? मग बाईंनी तिला कोपऱ्यातलं टेबलच देऊन टाकलं. निकामी ठरलेल्या जुन्या औषधाला दालचिनीची किंचित जोड दिली, तेव्हा चकतीभोवती बारीक कड उमटली. पुन्हा केलं, तर गायब. तिसऱ्यांदा परत दिसली.

ती तडक मसालेवाल्याकडे गेली आणि दालचिनीचे होते तेवढे सगळे प्रकार मागितले.

"ताई, पाहुणे किती येणार आहेत?"

"मोजता येणार नाहीत इतके," ती म्हणाली आणि एक साल मोडून नाकाशी नेली.