फ्रीजमधली पुटपुट

आई मार्गशीर्षात गेली आणि चैत्रात आमच्या गारखेड्याच्या घरातला फ्रीज अर्धवट बिघडला. अर्धवट म्हणजे वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा व्हायचा आणि खालच्या कप्प्यात दूध नासायचं. पूर्ण बंद पडला असता तर एका दिवसात निकाल लागला असता. अर्धं काम करणाऱ्या माणसाला धड ठेवता येत नाही आणि धड काढताही येत नाही, तसं त्याचं झालं होतं.

घरात आम्ही दोघंच. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी. त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून इथल्या एका ऑफिसात लागले होते. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची निम्मी नोकरी कन्नडच्या घाटात गेली. आता रिटायर्ड, आणि दोन वेळचं इन्सुलिन पोटाला टोचून घेणारे. ते इन्सुलिन फ्रीजच्या दारात राहायचं. दूध नासलं तर चहा कोरा पिता येतो, पण त्या बाटलीचं काय होतंय याची मला धास्ती होती.

मी स्वतःला हुशार समजते, हा माझा जुना आजार. आधी खालचं बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेलं. मग दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसलं आणि दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. ती घट्ट होती. फ्रीज भिंतीपासून पुढं ओढून मागची जाळी झाडली. दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही हे पाहायला मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो आत ठेवला. दिवा विझत होता. सगळं ठीक होतं आणि खालचा कप्पा कोमटच होता.

त्याच दिवसांत आवाज सुरू झाला. बारीक, तुटक, चढउताराचा. मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि चटकन म्हणून गेले, ‘आले, आले.’ म्हटल्यावर कळलं की बोलावलं कुणीच नाही. माझ्या हातातलं लाटणं थांबलं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली.

कारण आई अशीच पुटपुटायची. दिवसभर, काम करता करता. दुधाशी, कुकरशी, गॅसच्या लायटरशी, आणि जास्त करून आप्पांविषयी. तिला उत्तराची गरज नसायची. आप्पा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत चहा घेऊन बसायचे आणि अधूनमधून ‘व्हय’ म्हणायचे. कशाला व्हय म्हणालात असं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. दोघांचा संसार असाच चालला आणि बरा चालला.

एका रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघरातून ती पुटपुट येत होती. ती थांबली आणि आप्पांचा आवाज आला, ‘व्हय.’

मी उठून आत गेले. ते त्यांच्या खुर्चीत, फ्रीजकडे पाठ करून बसले होते. मी फ्रीझरचं दार उघडलं. आवाज बंद. लावलं, थोडा वेळ गेला, परत सुरू. आईसुद्धा कुणी आत शिरलं की गप्प व्हायची.

‘सारखं सारखं उघडू नको, बाई,’ आप्पा म्हणाले.

‘आप्पा, काय बिघडलं असेल हो याचं?’

‘मला काय ठावं? ते काय गाडीचं इंजिन हाय का?’

मला हे उत्तर खटकायला हवं होतं. घाटात गाडी चढताना नुसत्या आवाजावरून काय ढिलं झालंय ते सांगणारा हा माणूस. रिटायर झाल्यावर गल्लीतल्या पाण्याच्या मोटारींना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचा, मूठ स्वतःच्या कानाला, आणि बेअरिंग गेलंय की पट्टा ते सांगायचा. आमच्या फ्रीजला त्यांनी साधा हातही लावला नव्हता. पण मी तेव्हा भलत्याच हुशारीत होते. वर बर्फ होतोय ना, मग बाटली वर ठेवू. मी इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवलं आणि दोन्ही वेळेला कोमट पाण्यात धरून त्यांना टोचत राहिले.

आठवड्याभरात आप्पा तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागले. बसल्या जागी पेंगायचे. डॉक्टरांनी साखर तपासली, मग औषध कुठं ठेवता ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘गोठलं की ते निकामी होतं. तुम्ही त्यांना रोज पाणी टोचत होता, ताई.’

शिकल्यासवरल्या बाईनं करायची चूक नव्हे ती. परतताना रिक्षात आप्पा माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, ‘होतं असं.’ त्यामुळं मला जास्तच रडू आलं.

डॉक्टरांनी नवी बाटली दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. फ्रीज ताबडतोब दुरुस्त करा, आणि तोवर औषध थर्मासमध्ये ठेवा: खाली बर्फ, वर कापड, कापडात बाटली. बर्फ वितळला की बदला. मी ऑफिसला जायच्या आधी थर्मास भरून जायची. दुपारी बर्फ बदलायचं काम आप्पांचं. त्यांनी मान डोलावली.

शहागंजच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा नंबर ऑफिसातल्या बाईंनी मला त्याच संध्याकाळी दिला होता. मी फोन केला नाही. उद्या करू म्हटलं, मग परवा. कामाची गर्दी आहे असं स्वतःला सांगितलं. गर्दी कसली. संध्याकाळी घरी आले की मी पर्स खांद्यावरून न काढता स्वयंपाकघरात उभी राहायची आणि ऐकायची. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आप्पा खुर्चीत होते. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर ओळखायला वेळ लागला. मी थर्मास उघडला. आत कोमट पाणी, आणि त्यात चिंब कापडासकट बाटली तरंगत होती.

‘बर्फ का नाही बदलला?’

त्यांनी मान वळवून फ्रीझरकडं पाहिलं.

‘आप्पा, रोज बदलत होतात ना?’

‘दार उघडलं की बंद पडतं गं ते,’ ते हळूच म्हणाले. ‘दुपारचंच जरा नीट ऐकू येतं.’

मला राग आला. त्यांचा आला, आईचाही आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दवाखान्यात बोलावलं. रिक्षात बसल्या बसल्या मी मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांना सगळे चचा म्हणायचे. तोवर आप्पा घरी आले होते, जरा हुशारले होते. चचांनी फ्रीझर रिकामा करून मागचं झाकण खोललं. आत पांढरी भिंतच होती, बोटभर जाडीची.

‘देखो बेटा. उपर की ठंडी हवा इधर से नीचे जाती. बरफ ने रस्ताच बंद कर दिया. हीटर जल गया, इस वास्ते बरफ पिघलताच नै. और ये पंखा देखो, बरफ को घिस रा. आवाज आता था ना?’

‘येत होता,’ मी म्हणाले. आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं.

चचांनी फ्रीज दिवसभर उघडा ठेवायला लावला. बर्फ वितळून पाणी ओट्याखालून मोरीकडं जात राहिलं आणि मी ते टिपत राहिले. संध्याकाळी त्यांनी हीटर बदलला, झाकण बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरायला लागला तो ऐकूसुद्धा येत नव्हता. तासाभरानं खालच्या कप्प्यात हात घातला तर गार होता. मी इन्सुलिनची नवी बाटली दारात ठेवली.

चचा गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. इतकी शांतता त्या घरात आई गेली त्या दिवशीही नव्हती. तेव्हा निदान माणसं होती. आप्पांचा चहा पुढ्यात तसाच निवत होता.

‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘पंखा घासतोय म्हणून.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी मिस्त्री बोलावला असता.’

नसता बोलावला, हे मला त्यांना सांगता आलं नाही.