ब्रँडी अलेक्झांडर आणि पोर्चमधली म्हैस

"आण्णा, क्रीम संपलंय," मी हळूच सांगितलं.

"संपलंय म्हंजे? हाटेल हाय का धर्मशाळा?"

आण्णांची फाउंड्री होती, म्हणजे लोखंड वितळवून इंजिनाचे भाग ओतायचा कारखाना. नव्वदच्या दशकाची अखेर. मी गोव्यात बारकाम शिकून कोल्हापूरच्या एका हॉटेलात नोकरीला लागलो होतो. त्या संध्याकाळी आण्णांनी एका जर्मन जोडप्याला आमच्याकडे जेवायला आणलं होतं; बरोबर फाउंड्रीचे दोन-तीन मॅनेजर होते. साहेब मोठी ऑर्डर देणार होते, पण बाईंचा मूड बघून. आणि बाईंनी जेवणानंतर ब्रँडी अलेक्झांडर मागितलं.

आण्णा दारूला शिवत नसत. ते मला म्हणाले, "ह्यो अलेक्झांडर कोण? बोलव की त्याला."

मी समजावून सांगितलं. हे जेवणानंतरचं गोड, दाट कॉकटेल. ब्रँडी, चॉकलेटचं लिकर म्हणजे गोड दारू, आणि क्रीम. तिन्ही सारखी घ्यायची, बर्फाबरोबर शेकरमध्ये हलवायची, वर जायफळ किसायचं. ब्रँडीच्या जागी पुदिन्याचं हिरवं लिकर घातलं की त्याचा ग्रासहॉपर होतो.

"म्हंजे नाकतोडा?" आण्णांनी हात जोडले. "नगो. अलेक्झांडरच कर."

चॉकलेट लिकर बारमध्ये नव्हतंच. ड्रिंकिंग चॉकलेट पाकात कालवून वेळ मारून नेली. क्रीम मात्र किचननं मलई कोफ्त्यात संपवलं होतं.

"साय हाय की!" आण्णा म्हणाले.

म्हशीच्या दुधाची घट्ट साय आणली. शेकरमध्ये घातली आणि गोव्याच्या स्टाइलनं दणकून हलवली. थोड्या वेळानं आतून धप् धप् आवाज यायला लागला. झाकण उघडलं तर लोण्याचा गोळा. आण्णांनी वास घेतला. "भाकरीवर चाललं असतं. पर बाईला कसं द्यायचं?"

आणि ते तरातरा बाहेर गेले.

आमच्याकडं कोल्हापुरात संध्याकाळी गवळी म्हैस घेऊन चौकात उभा राहतो आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरच धार काढतो. फेसाळ, कोमट दूध. आमच्या चौकात सर्जेराव असायचा; त्याच्या म्हशीचं नाव हिरी. आण्णांनी त्याला म्हशीसकट हॉटेलच्या पोर्चमध्ये आणलं. आमच्या हॉटेलच्या मॅनेजरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. जर्मन बाई मात्र कॅमेरा घेऊन धावत आल्या.

मी ग्लासात ब्रँडी आणि चॉकलेट घालून ग्लास पुढं केला. सर्जेरावानं वास घेतला आणि हात मागं घेतला.

"दारू हाय व्हय ह्यात? न्हाय जमायचं. माझ्या हिरीच्या दुधात दारू घालू देणार न्हाय."

आण्णांना घाम फुटला. साहेब घड्याळ बघायला लागले. मला एकदम सुचलं.

"सर्जेरावमामा, दुधात दारू न्हाय घालत. दारूत दूध घालायचंय."

त्यानं बराच विचार केला. हिरीकडं बघितलं. मग म्हणाला, "मग हरकत न्हाय," आणि बसला.

धार ग्लासात अशी पडली, की कुठल्याही शेकरला जमणार नाही असा फेस वर आला. मी जायफळ किसलं. बाईंनी घोट घेतला. ओठांवर पांढऱ्या मिशा आल्या. त्या साहेबांना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या, साहेब हसले आणि त्यांनीही ग्लास मागितला. मग फाउंड्रीच्या मॅनेजरांनी मागितला. एकानं त्यात कॉफी घालून घेतली, एकानं बदाम कुटून. आण्णांनी नुसतं दूध घेतलं आणि "बिगरदारूचा अलेक्झांडर" म्हणून सगळ्यांबरोबर चिअर्स केलं.

ऑर्डर तिथंच पक्की झाली.

सगळे हात मिळवत असताना हिरीला पोर्चसमोरचं कारंजं दिसलं. ती शांतपणे हौदात उतरली आणि बसली. वेटरांनी ओढलं, सर्जेरावानं शिव्या घातल्या, मॅनेजरसाहेबांनी इंग्रजीत विनंती केली. तिनं फक्त कान हलवले. एक लग्नाची पार्टी आली, ती मागच्या दारानं आत घ्यावी लागली.

पुढं मी बऱ्याच हॉटेलांत काम केलं. नव्या पोरांना एवढंच सांगतो: गिऱ्हाइकासाठी वाट्टेल ते आत आणा, फक्त ते बाहेर कसं काढायचं ते आधी ठरवा.