भिंतीपलीकडून आलेली ओ

डिचोलीतल्या एका बंद खाणीच्या खड्ड्यात आम्ही आमची तीन पाण्याखालची स्वयंचलित यानं सोडायचो. खड्डा कसला, डोंगर पोखरून झालेलं खोल तळंच ते. त्याच्या खालच्या अंगाला तांबड्या मातीची जाड भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी आमचा वाडा: थोडी घरं, शेतं आणि माझी आई. लोक गोव्यात समुद्रासाठी येतात. आम्ही समुद्राची यंत्रं खाणीत पोहायला शिकवत होतो.

पाण्याखाली उपग्रहाचं काही चालत नाही. म्हणून ही यानं एकमेकांना हाक मारतात आणि ओ यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. दोघांची जागा पक्की असली की तिसऱ्याची सापडते. मी याला देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं म्हणायचे. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’. पुण्याहून आलेले आमचे साहेबही मग प्रत्येक ओ आली की ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, हमखास चुकीच्या ठिकाणी जोर देऊन.

यंदा मे महिन्यात तिसरं यान त्या भिंतीजवळ गेलं आणि परत फिरायचं नाव घेईना. ओ मात्र देत होतं. पडद्यावर त्याचा ठिपका पाहिला, तर तो भिंतीच्या आत. मातीत.

“प्रतिध्वनी असणार,” साहेब म्हणाले. “आवाज कुठेतरी आपटून लांबून येतोय.”

असं होतं, नेहमी होतं. आम्ही उरलेल्या दोघांच्या जागा बदलून पुन्हा हाका मारायला लावल्या. प्रतिध्वनी असता तर ठिपक्याने उडी मारली असती. तो तसूभर हलला नाही. भिंतीच्या पोटात पोकळी होती आणि यान तिच्यात शिरलं होतं.

कुठे आपटून फुटायला नको म्हणून साहेबांनी त्याची मोटर बंद करायचा हुकूम पाठवला. मोटर बंद झाल्याचं यानाने इमानदारीत कळवलं. आम्ही डबे उघडले. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात ठिपका सरकलेला दिसला. भिंतीच्या आणखी आत, वाड्याच्या दिशेने.

मोटर बंद, तरी ते पुढे जात होतं. पाणी त्याला नेत होतं, भिंत आतून पोखरत.

साहेब वरच्यांना फोन लावून “तसं खात्रीने नाही, पण...” असं काहीतरी सुरू करत होते. माझं डोकं फिरलं. मी बाहेर जाऊन आईला फोन लावला.

“बरां झालां फोन केलंस गो बाये!” तिने मला बोलूच दिलं नाही. “आमच्या बांयत पाणी चढलां! ऐन मे म्हयन्यात! देव पावलो.”

भिंतीलगतच्या त्या विहिरीचा एरवी मे महिन्यात तळ दिसतो.

“आई, पाण्याचो रंग कसो आसा?”

“तांबडो. पण थंडगार पाणी.”

“आई, आयक. आत्ताच्या आत्ता घरातसून भायर पड.”

“घरात खंय गो? मी बांयवर आसंय. सगळो वाडो हंयच जमलोहा, पोरांटोरांसकट.”