हमीदचाचांची चटई

आज सकाळी अकरा वाजता मी जामनेरच्या भर बाजारात आडवा झालो.

प्रकृती उत्तम आहे. कृपया फोन करू नयेत.

हाताने कापूस पिंजून गाद्या करणारे आमचे हमीदचाचा यांना जाऊन आज एक वर्ष झाले.

त्यांच्याकडे गादी करून घ्यायची, तर आधी दारातल्या चटईवर झोपून दाखवावे लागे. (बायकांसाठी आतल्या खोलीत चाची असत.) खांदा कुठे टेकतो, कंबर कुठे अधांतरी राहते, हे चाचा बघत. कापूस त्या अंदाजाने भरत.

पंचवीस वर्षांपूर्वी मी नकार दिला होता. बी.कॉम. झालेला माणूस रस्त्यावर झोपेल कसा?

मी लेखी माप दिले. जाडी सर्वत्र चार इंच.

चाचांनी तशीच दिली. मी टेप लावून तपासली. सुताचाही फरक नव्हता.

आठव्या दिवशी गादी हातगाडीवर घालून, कंबर धरून मी दुकानात हजर.

"साहेब, गादी बठ्ठी सारखी शे," या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत चाचा म्हणाले. "तुमनी पाठ सारखी शे का?"

निमूट आडवा झालो.

समोरच्या टपरीवरचे चहावाले नाना ओरडले, "चाचा, चादर टाकू का साहेबांवर?"

चाचांनी गादी उसवली, कापूस पुन्हा पिंजला, पुन्हा भरला. एक कड मात्र उघडीच ठेवली.

"हात घाला. आत काय भरलं ते तुम्ही पाहिल्याशिवाय मी शिवणार नाही."

तीच गादी मी आजही वापरतो.

चाचांच्या मागे दाभण त्यांच्या मुलीने, रुक्सानाने, हाती घेतले. टाका वडिलांचाच. परंतु पुरुष गिऱ्हाइके चटईपाशी येऊन अडू लागली. बाईमाणसासमोर झोपायचे कसे? "नंतर येतो" म्हणून जात, ते येत नसत.

परवा ती म्हणाली, "काका, फोमच्या गाद्यांची एजन्सी घेते आता. पत्रकसुद्धा आलंय."

म्हणून आज मी गेलो आणि तिच्यासमोर चटईवर झोपलो. बाजार थांबून बघत होता.

"काका, पोट सोडा," रुक्साना म्हणाली. "श्वास रोखून कोणी रात्रभर झोपतं का?"

आता केस पांढरे झालेले नाना टपरीवरून ओरडले, "चादर आणू का साहेब?"

"चादर राहू द्या नाना, तुमचाच नंबर आहे पुढचा!"

नाना खरेच आले. त्यांच्यामागून कापडवाले शेठ, टोपी छातीवर ठेवून, डोळे गच्च मिटून. दुपारपर्यंत पाच जण झाले. शेठ तर घोरले.

मापे लिहायला कागद पुरेना. रुक्सानाने फोमच्या एजन्सीचे पत्रक उचलले, उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागली.

चाचा, चटई अंथरलेली आहे.

तुम्ही निवांत झोपा.